बापाचं नाव गाळलेले पत्ते

मी वेबसाइटी बनवतो, तेही शेलूबाजारात बसून. लोक हसतात; हसू द्या. आमच्या समाजाच्या मंडळानं वधू-वर सूचीची वेबसाइट माझ्या गळ्यात मारली, तेव्हा माझी लहान बहीणही त्या सूचीत होती. तिचं लग्न जमावं म्हणून आई-बाबा झुरत होते. म्हणून मी जीव ओतून काम केलं, आणि नेमकी तिथंच माती खाल्ली.

सूचीचं छापील पुस्तक निघतं. मुलींचे फोटो आणि नंबर भलत्यांच्या हाती पडू नयेत म्हणून पुस्तकात फक्त नाव, गाव आणि तिच्या पानाचा वेबपत्ता छापायचं ठरलं. जुन्या साइटवरचे पत्ते म्हणजे प्रश्नचिन्हं, आकडे, नुसता किचाट. मंडळाचे अध्यक्ष काका वैतागले, "अबे, हे फोनवर कोनाले सांगाव कसं? वाचता आलं पायजे ना बाप्पा!"

मी लागलो. पत्ता आला की सर्व्हरनं त्यातलं नाव, आडनाव, गाव वाचायचं, नोंद शोधायची, पान दाखवायचं. पत्ता लांबतो म्हणून मधलं बापाचं नाव मी गाळून टाकलं. आमच्या गावात आडनावं दोनच, बापाच्या नावाशिवाय माणूस ओळखू येत नाही, हे मला माहीत नव्हतं का? होतं ना! एकसारखी दोन नावं आलीच तर मागं आकडा लावायची सोयही करता आली असती. पण तो आकडा मला घाण दिसला. अतिशहाणा त्याचा बैल रिकामा, दुसरं काय.

पुस्तक आल्यावर बहिणीनं पत्ता टाकून पाहिला. तिचं पान उघडलं, ती लाजली. दोनेक महिन्यांनी आमच्याच गावच्या, त्याच नावाआडनावाच्या दुसऱ्या एका मुलीची नोंद आली. एकाच पत्त्याला दोन नोंदी जुळल्या की माझा प्रोग्राम त्यातली नवी उचलायचा. त्या मुलीचं लग्न पटकन जमलं आणि मीच, याच हातांनी, तिच्या पानावर लाल पट्टी लावली: 'लग्न जमले आहे'. त्यानंतर माझ्या बहिणीचा पत्ता टाकणाऱ्या प्रत्येकाला ती पट्टी दिसायची.

घरी फोन यायचे थांबले. आईनं सोमवार धरले. बहीण एकदा म्हणाली, "मायं तोंडच तसं हाय, दादा." मी तिच्यावर खेकसलो, "येडी का तू?" तिचं पान मी अधूनमधून तपासायचो, पण ते आतून, नोंदीच्या नंबरानं. तिकडून ते ठणठणीत उघडायचं.

वर्षभरानं ओळखीतून मानोऱ्याकडच्या एका बिजवराचं स्थळ आलं. बायको वारलेली, पदरात दोन लेकरं. बहिणीनं मान वर न करता हो म्हटलं. साक्षगंध उरकलं, बोटात साखरपुड्याची अंगठी आली.

पुढच्या आठवड्यात दूरच्या मावशीचा फोन आला. "काहून रे, तुया बहिनीचं आत्ता जमलं म्हनते? मांगच जमलं होतं ना? आमच्या दिरानं त्याच्या पोरासाठी पाह्यलं होतं. लाल पट्टी दिसली म्हून सोडून देल्लं."

मी पत्ता टाकला. दुसऱ्याच पोरीचा फोटो, वर पट्टी. सर्व्हरची नोंदवही उघडली तर वर्षभर कोणी ना कोणी त्या पत्त्यावर येतच होतं. पत्त्यात बापाचं नाव घालायला मला दहा मिनिटं लागली. थू माझ्या हुशारीवर.

बहीण अंगणात बाजारासाठी मेथीच्या जुड्या बांधत होती. मी सगळं सांगितलं, एक शब्द न लपवता. तिचे हात थांबले.

"म्हंजे लोक येत होते?"

"येत होते."

"मले वाटलं, आपल्याले इचारनारा हा एकच हाय."

मला रडू आवरेना. म्हटलं, "मोडून टाकू. बाबाले मी सांगतो. मार खाईन, पन सांगतो."

"बाबाले काही सांगू नको," ती म्हणाली. "त्या मानोऱ्यावाल्याची लहानी पोरगी मले रोज फोन करते, दादा. कालपासून आई म्हनून राह्यली. आता तिले काय सांगू?"