मस्कतच्या कार्डाचे पॉइंट

माझ्या पुतण्याचं मस्कतला जायचं ठरलं तेव्हा मी बीडला एका बँकेत कारकून होतो. थोरला भाऊ आधीच वारला होता. वहिनी नेकनूरला किराणा दुकान चालवत होत्या आणि त्यांचा हा एकुलता मुलगा पुण्याच्या एका पंपाच्या कंपनीत लागला होता. लग्नाला वर्षही झालं नव्हतं. कंपनी त्याला पंप बसवायला सहा महिन्यांसाठी तिकडे पाठवणार होती आणि खर्चासाठी क्रेडिट कार्ड काढायला सांगत होती. देश नुकताच बाहेरच्या मालाला मोकळा झाला होता. मांजरसुंब्याच्या ढाब्यांवर परदेशी शीतपेयांचे फलक लागले होते. पण क्रेडिट कार्ड आमच्या घरात कुणी पाहिलं नव्हतं. तो दोन कार्डांचे फॉर्म घेऊन माझ्याकडे आला. म्हणाला, "काका, तुमीच बघा. मला यातलं कळत न्हाई."

मी बघितलं. एका कार्डावर परदेशातल्या खर्चाला शंभरामागे साडेतीन रुपये आकार होता, पण प्रत्येक खर्चावर पॉइंट मिळत. दुसऱ्यावर आकार निम्म्याहून कमी, पॉइंट मात्र नाहीत. कंपनी फक्त खर्चाची रक्कम देणार होती, हा आकार त्याच्या खिशातून जाणार होता. पॉइंटांची किंमत आकारापेक्षा कितीतरी कमी आहे हे मी पाच मिनिटांत कागदावर काढलं. मग पॉइंटांच्या बदल्यात मिळणाऱ्या वस्तूंचं पुस्तक उघडलं. त्यात तीन भांड्यांचा एक मिक्सर होता. माझी बायको दोन वर्षं मिक्सर मागत होती. मी त्याला पहिलं कार्ड घ्यायला सांगितलं. "फायद्याचं आहे," म्हणालो. नेकनूरला टपाल उशिरा पोचतं म्हणून हिशोबाचे कागद माझ्या पत्त्यावर यावेत अशी सोयही करून घेतली.

तिकडे चौथ्या महिन्यात तो वारला. गाडी उलटली, एवढंच कळलं.

आम्हा लिंगायतांत माणसाला आडवं करून पुरत नाहीत. बसवतात, कपाळाला विभूती लावतात, गळ्यातलं लिंग तळहातावर ठेवतात, आणि घरची माणसं तोंड बघतात. त्याची पेटी खिळे ठोकून आली होती. सोबत आलेल्या माणसाने मला बाजूला घेऊन सांगितलं की उघडू नका. आम्ही ती पेटी तशीच आडवी खड्ड्यात ठेवली. वहिनी विभूतीची वाटी हातात घेऊन उभ्या होत्या. काय करायचं ते त्यांना कळेना, शेवटी त्यांनी ती फळीवर ओतली. त्याच्या सामानात लिंग आलं नव्हतं.

पुढे आठवड्याभराने कार्डाचा कागद आला. तो घेऊन मी नेकनूरला गेलो, कारण कंपनीला हिशोब द्यायचा होता. वहिनींची सून कॉलेज शिकलेली होती, तिला इंग्रजी वाचता येत होतं. तिने कागदावर बोट ठेवून हळूच विचारलं, "काका, ही तारीख त्यांच्यानंतरची हाय ना?"

तारीख खरोखरच त्याच्यानंतर पाच दिवसांची होती. मस्कतच्या कुठल्यातरी दुकानात थोडीशी खरेदी. मी समजावलं की तिथल्या दुकानाची पावती उशिरा पुढे जाते, रियालचे डॉलर होतात, डॉलरचे रुपये होतात, आणि ती नोंद होते त्या दिवसाची तारीख छापली जाते. हे खरं होतं. वहिनींनी ऐकून घेतलं. काय घेतलं असेल, एवढंच विचारलं. मी म्हणालो, साबण असेल नाहीतर चहा. मी निघताना त्या म्हणाल्या की पेटी हलकीच वाटली होती, खांदेकरीही तसंच म्हणत होते.

आता जे सांगायचं ते. त्या कागदाच्या तळाशी पॉइंट छापले होते आणि ते मिक्सरला पुरून थोडे उरत होते. माणूस गेल्याचं कार्डाच्या बँकेला कळवलं की पॉइंट बुडतात, हे मला माहीत होतं. कळवायचं काम माझ्याकडेच होतं. मी ते लांबवलं. एका दुपारी जेवणाच्या सुट्टीत पैसे काढायच्या स्लिपच्या पाठीवर तीनदा गिरवून पुतण्याची सही मिक्सरच्या फॉर्मवर केली. खाली त्या दिवसाची तारीख घातली. तो जाऊन तेव्हा सव्वा महिना झाला होता. जन्मभर लोकांच्या सह्या तपासणाऱ्या माणसाने हे केलं.

मिक्सर माझ्याकडे आला नाही. हिशोबाचे कागद माझ्या पत्त्यावर येत, पण वस्तू कायमच्या पत्त्यावर जाते, हे मी वाचलंच नव्हतं. खोकं नेकनूरला दुकानात गेलं, पुतण्याच्या नावाने. आत फॉर्मची नक्कल होती, सही आणि तारखेसकट.

त्याच आठवड्यात सुनेचे वडील वडवणीहून तिला न्यायला आले. मुलगी बावीस वर्षांची, आमच्यात विधवेचा पाट लावतात, त्यांनी एक स्थळ बघितलंही होतं. वहिनींनी मला बोलावून घेतलं. मी पोचलो तेव्हा खोकं ओसरीवर होतं, न उघडलेल्या भांड्यांसकट, आणि व्याही त्याच्याकडे पाठ करून बसले होते. सून दारात उभी होती.

वहिनींनी कागद माझ्या हातात दिला. "भाऊजी, तुमी बँकेत हाव. ही सही त्याची हाय का न्हाई, तेवढं सांगा."

मी कागद उजेडात धरला. मी सही केली तेव्हा शेवटची रेघ थरथरली होती, ते मला पक्कं आठवत होतं. या कागदावर ती सरळ होती, टोकाला तो काढायचा तसा गळासारखा आकडाही होता. मला तो आकडा कधीच जमला नव्हता. नक्कल काढताना रेघ साफ झाली असेल, असं मी नंतर स्वतःला पुष्कळदा सांगितलं. त्या वेळी मात्र मी कागदाची घडी घातली.

"त्याचीच दिसते," मी म्हणालो.

व्याही उठले. म्हणाले, "सहीवर संसार होत न्हाई, विहीणबाई." मग मुलीला म्हणाले, "चल बाई."

ती जागची हलली नाही. "आन् ते आले तर?" म्हणाली.

व्याही एकटेच गेले. पुन्हा त्या घरी आले नाहीत.

वहिनींनी मृत्यूचा दाखला बँकेला पाठवू दिला नाही. कार्डाचा कागद मग कितीतरी महिने माझ्याकडे येत राहिला. खर्चाच्या जागी काही नसे. वर त्याचं नाव आणि खाली उरलेले पॉइंट, दर वेळी तेवढेच. पुढे एकदा ते कागद यायचे थांबले, आणि मला हायसं वाटायच्या ऐवजी कुणीतरी बोलणं मध्येच सोडून उठून गेल्यासारखं वाटलं. नेकनूरच्या घरात रोज एक ताट जास्त वाढलं जाई. मी जेवायला बसलो तरी त्या ताटाशेजारची जागा मला कुणी देत नसे.

वहिनी दोन वर्षांपूर्वी गेल्या. मागच्या महिन्यात मी सुनेकडे गेलो. ती आता पन्नाशीला आली आहे, दुकान तीच बघते. तिला मी सगळं सांगितलं: आकार, पॉइंट, स्लिपच्या पाठीवरच्या तीन सह्या. मला वाटत होतं, शिकलेली बाई आहे, तिने हे केव्हाच ओळखलं असेल.

तिने हातातलं माप खाली ठेवलं. मग म्हणाली, "म्हंजे ते खरंच त्या पेटीत होते?"

मी हो म्हणालो.

"काका, मी सकाळीच त्यांचं ताट वाढलं."

मी माफी मागितली. तिने ती घेतली नाही, नाकारलीही नाही. एक गिऱ्हाईक आलं, त्याला तिने पावशेर शेंगदाणे मोजून दिले. मग म्हणाली की हे सगळं लिहून द्या. तिचे वडील अजून आहेत. तिने आपणहून माहेरी यायला नकार दिला असं समजून ते इतकी वर्षं तिच्याशी बोलले नाहीत. आता ऐकू येत नाही त्यांना, पण वाचतात.

"मोठ्या अक्षरात लिवा," म्हणाली. "अन् लवकर. त्यांना दिसायलाबी कमी झालंय."