एक घर, दोन चुली

मी नकला करायचो म्हणून मला ते काम मिळालं, दुसरी काही लायकी नव्हती. कॉलेजच्या गॅदरिंगला मी आमच्या प्राचार्यांपासून एसटीच्या कंडक्टरपर्यंत सगळ्यांना स्टेजवर आणलतं. ते बघायला पुण्याहून आलेल्या एक बाई बसल्या होत्या. माणसांच्या मनाच्या दुखण्यांचा सर्व्हे त्यांना करायचा होता, घरोघर जाऊन. तेच प्रश्न, तीच पद्धत बऱ्याच देशांत चालू होती, आणि आमच्या वाट्याला कोल्हापूर आणि भोवतालची गावं आलती. बाईंना हवा होता लोकांना बोलतं करणारा माणूस. मी गडहिंग्लजच्या शाळेत वाढलेला, त्यामुळं कानडी हेलही फुकटात येत होता.

बाईंनी पहिल्याच दिवशी सांगितलं, घर आपण निवडायचं नाही, माणूसही आपण निवडायचा नाही. घरं चिठ्ठ्या टाकल्यासारखी आधीच निघालेली. घरात गेलं की मोठ्या माणसांची नावं लिहायची, वयानं थोरला वर, धाकटा खाली. मग त्या घरापुरता ठरलेला आकडा तक्त्यात बघायचा. ज्या ओळीवर आकडा, तोच माणूस. तो मुका असो, तापट असो, शेतावर गेलेला असो, बदली माणूस चालणार नाही. आणि विचारायचं ते एकट्याला.

मी म्हणालो, "कळलं की बाई. रस्सा ढवळल्याशिवाय पळी घातली तर नुसता वरचा कट येतोय." बाईंना कट म्हणजे रश्श्यावर तरंगणारं तिखट तेल, हे मिसळ खायला नेऊन दाखवावं लागलं, पण नंतर तेच उदाहरण त्या सगळ्यांना द्यायला लागल्या.

अडचण एवढीच, की आमच्याकडचं प्रत्येक घर पाव्हण्याला कटच वाढतं. तालमीजवळच्या एका घरात आकडा आला म्हाताऱ्या आजोबांवर, तर त्यांनी पैलवान नातू पुढं केला, "ह्येला इचारा, ह्यो दिसायला बरा हाय." एका कल्हईवाल्या चाचांकडं आकडा आला सुनेवर, तर शेजारच्या मास्तरांना बोलावणं गेलं. चाचा म्हणाले, "मास्तर अच्छा बोलतात, लिवून घ्या." पाहुण्यापुढं चांगलं ते ठेवायचं, ही रीतच. त्यांचं काही चुकत नव्हतं. आमचा सर्व्हे मात्र चुकत होता.

माझ्याबरोबर जोडीला एक ताई असायच्या, नर्सिंग केलेल्या, माझ्याहून मोठ्या. बायकांशी त्या बोलायच्या, पुरुषांशी मी. राधानगरी रस्त्यावरच्या एका गावात आमच्या यादीत एका जैन शेतकऱ्याचं घर निघालं. गावाबाहेर गुऱ्हाळ, घरात मोठा सोपा. घरचे कर्ते म्हणजे अण्णा, अख्खं गाव त्यांना अण्णाच म्हणायचं. आम्ही जोत्यावर टेकतोय तोवर चहा आला, गूळ-शेंगा आल्या, आणि अख्खं घर भोवती बसलं.

अण्णांची एक खोड लगेच ध्यानात आली. प्रश्न कुणालाही विचारा, उत्तर अण्णांचं. थोरल्या मुलाला मी वय विचारलं. "मी सांगतो की, लिवा," अण्णा म्हणाले आणि त्याचं वय सांगितलं. सुनेला माहेर विचारलं, तेही त्यांनीच सांगितलं. माझा कान लागला कामाला. ते आधी खाकरायचे, मग उजवा हात हवेत उचलायचे, आणि 'की' म्हणताना हनुवटी वर.

नावं झाली. अण्णा, त्यांच्या मंडळी म्हणजे वहिनी, दोन मुलगे, दोन सुना. सगळ्यांत वर अण्णा. तेवढ्यात मागच्या पडवीत एक म्हातारी बाई दिसली. पांढरं लुगडं नेसलेली, छोट्या चुलीवर मुगाची डाळ शिजवत बसलेली. चुलीकडं तोंड, आमच्याकडं पाठ.

"आणि त्या कोण?" मी विचारलं.

"ती व्हय? आमची आक्का. थोरली भण. तिला धरू नगा."

का, ते अण्णांनी समजावून सांगितलं. आक्का तरुणपणीच विधवा होऊन परत आलेल्या. त्यांचे नेम कडक. पाणी गाळून, कांदा-बटाटा नाही, दिवस मावळायच्या आत जेवण. घरातली बाकीची गुऱ्हाळावरून अंधार पडल्यावर येणार, पोरांना बटाटा लागणार, म्हणून आक्कांचं सगळं मागं वेगळं. धाकटी सून हळूच ताईंना म्हणाली, "आक्कास्नी कोण काय इचारत न्हाय. त्याबी काय सांगत न्हाईत."

आता गंमत अशी, की नियमानं अण्णांचंच बरोबर होतं. घर म्हणजे काय, तर एका चुलीवर जेवणारी माणसं, असं बाईंनी शिकवलेलं. आक्कांची चूल वेगळी, म्हणजे त्या या घरातल्या नव्हेत. आणि दुसरं कुठलं घर तर त्यांना नव्हतंच. ताई माझ्याकडं बघायला लागल्या. त्या पाठमोऱ्या बाईला सोडून जायला त्यांचा पाय निघेना, हे मला दिसत होतं. माझाही निघत नव्हता.

ताई म्हणाल्या, मग दोन घरं लिहू या. मी गावच्या तलाठ्याच्या आवाजात, नाकातून, अण्णांना म्हणालो, "तर मग अण्णा, इथं दोन चुली, म्हणजे घरं दोन. एक तुमचं, एक तुमच्या भणीचं."

अण्णांच्या हातातला कप खाली आला.

"घर फुटलं असं लिवताय व्हय?"

त्या भागात चूल वेगळी झाली म्हणजे वाटणी झाली, भांडणं झाली, भावानं बहिणीला बाजूला काढलं. आमच्या कागदाला यातलं काहीच ठाऊक नव्हतं, पण अण्णांना होतं. गाव काय म्हणेल, पाव्हणे-रावळे काय म्हणतील, हे ते बराच वेळ बोलले. शेवटी म्हणाले, "तिचा नेम वेगळा. चूल एकच. लिवा एकच."

"मग आक्कांचं नाव यादीत घालावं लागतंय."

"घाला की. न्हाय कोण म्हणतंय?"

मी यादी नव्यानं केली. आक्का सगळ्यांत थोरल्या, त्या वर गेल्या. बाकी सगळे एकेक पायरी खाली. तक्त्यात आकडा बघितला तर पहिलीच ओळ. मघापर्यंत जी अण्णांची होती ती.

अण्णा खाकरले. हात वर गेला. "मी सांगतो की तिचं. लहानपणापासनं बघतोय."

पडवीतून भांडं खाली ठेवल्याचा आवाज आला. आक्का पदराला हात पुसत दारात आल्या. त्यांनी भावाकडं बघितलं नाही, ताईंकडं बघितलं.

"माझं नाव निघालंय न्हवं? मग मी सांगतो."

आमच्याकडं बायकाही 'सांगतो'च म्हणतात. पण त्या घरात तो शब्द अण्णांशिवाय कुणी वापरत नसावं, असं सगळ्यांच्या तोंडाकडं बघून वाटलं.

ताई त्यांना घेऊन पडवीत गेल्या. आणि सगळं घर उठून मागोमाग निघालं, अण्णा पुढं. एकटीला विचारायचं म्हणजे काय, हे तिथं कुणाच्या डोक्यातच शिरेना. मी अंगणात उभा राहिलो आणि कंडक्टर काढला. "बिद्री, मुधाळतिट्टा, गारगोटी, चला मागं सरका, ओ मामा, कोंबडीचं तिकीट कोण काढणार?" पोरं पहिल्यांदा वळली. मग सुना. मग जोतिबाच्या डोंगरावरचा नारळवाला काढला, तेव्हा अण्णाही जोत्यावर येऊन बसले.

पडवीतलं बोलणं काही संपेना. माझ्याजवळचे आवाज संपत आले. प्राचार्य झाले, डॉक्टर झाले, रेडिओवरचे बाजारभाव झाले. शेवटी काही उरलं नाही तेव्हा मी खाकरलो, उजवा हात उचलला, आणि म्हणालो, "मी सांगतो की, लिवा."

पोरं जमिनीवर लोळली. थोरला मुलगा तोंड फिरवून हसला. अण्णा तेवढे हसले नाहीत. ते वहिनींना म्हणाले, "असं करतो व्हय मी?"

वहिनी सुपात तांदूळ निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "पाव्हण्यानं कमीच केलं."

मग अण्णा हसले, पण जरा उशिरा.

आक्का बाहेर आल्या त्या डोळे पुसून. आक्का माझ्याजवळ आल्या. "पावणं, परत कवा येणार इचारायला?"

एका घराला एकदाच, असा नियम मी सांगितला. माझ्याच आवाजात, कुणाची नक्कल न करता.

"एकदाच व्हय," त्या म्हणाल्या, आणि चुलीकडं गेल्या. डाळ निवली होती.

येताना यष्टीत मी ताईंना खूप छेडलं. आक्का काय म्हणाल्या ते त्यांनी सांगितलं नाही, पुढंही कधी नाही. ते सांगायचं नसतं, हाही नियमच होता.

पुढं दिवाळीनंतर कोल्हापूरच्या मार्केट यार्डात, गुळाच्या सौद्याला अण्णा भेटले. मला बघून त्यांनी लांबूनच हात उचलला आणि स्वतःची नक्कल केली, माझ्यापेक्षा वाईट. मग तक्रार करायला लागले. एकच चूल हाय असं कागदावर लिवून बसल्यामुळं आता गुऱ्हाळ टाकून दिवस मावळायच्या आत घरी पळावं लागतंय, आक्काच्या पंगतीला. बिनकांद्याचं खाऊन तोंडाची चव गेली म्हणाले.

"आक्का काय म्हणतात?" मी विचारलं.

अण्णा खाकरले. हात अर्धा वर गेला, आणि तिथंच थांबला.

"घरी चला," ते म्हणाले. "तिलाच इचारा."