आधी वाचून दाखवणारे अण्णा

अण्णा ज्याची बातमी लिहीत, त्यालाच ती आधी वाचून दाखवत. हुमनाबादेत आम्ही दोघेच मराठी वार्ताहर, सोलापूरच्या दोन वेगळ्या दैनिकांचे. दोघांचेही बातम्यांचे लिफाफे संध्याकाळच्या सोलापूर बसच्या ड्रायव्हरच्या हाती जायचे. माझा रोज जायचा. अण्णांचा आठवड्यातून तीनदा चुकायचा, कारण हे गृहस्थ सायकल मारत कुठल्या तरी गावी जाऊन कुणाच्या तरी ओसरीवर आपलाच कागद वाचत बसलेले असत.

"बस गेली की, अण्णा," मी मुद्दाम सांगायचो.

"जाऊ दे की. बस उद्या बी येती. मानसाचं नाव गेलं तर ते कुठल्या बसनं आनायचं?"

काय हा शहाणपणा! बातमी आधी माझी, पहिल्या पानावर माझी, आणि मान मात्र ह्यांना. सरळ सांगतो, मी जळायचो. बांधाचा वाद असो की शाळेचं गळकं छप्पर, लोक अण्णांचं सायकल दुरुस्तीचं दुकान गाठायचे. अण्णा बौद्ध. आमच्या आळीत त्यांना पाणी द्यायचं तर पेला वेगळा निघायचा, आणि त्याच आळीतली माणसं आपलं गाऱ्हाणं घेऊन मला ओलांडून त्यांच्याकडे जायची. मला दोन्ही दिसायचं. झोंबायचं फक्त दुसरं.

मग हळ्ळीखेडची शेवंता विहिरीत पडली. विशीतली पोर, सणाला माहेरी आलेली. बसस्टँडवर मला एकानं सांगितलं की गावात काहीबाही कुजबूज चालू आहे. मी तिथंच टपरीवर चहा पितापिता बातमी लिहिली. मथळा दिला, 'प्रेमप्रकरणातून विवाहितेची विहिरीत उडी'. तिचं नाव, बापाचं नाव, सासरचं गाव, सगळं घातलं. पहिलं पान, तेही चौकटीत! दोन दिवसांनी अण्णांच्या पेपरात आतल्या पानावर तीन ओळी आल्या. पाणी शेंदताना पाय घसरला, भावानं वर काढलं, पाय मोडला आहे. अण्णा दवाखान्यात जाऊन तिला वाचून दाखवून आले होते. मी दोन्ही पेपर शेजारीशेजारी ठेवून पोट धरून हसलो.

शेवंताचं सासर करजगीचं. तिथं माझाच पेपर पोचला. सासरच्यांनी तिची लुगडी गाठोड्यात बांधून हळ्ळीखेडला धाडून दिली.

तिचा बाप माझ्या दारात आला. शिव्या देईल म्हणून मी कंबर कसून उभा होतो. तो खालच्या आवाजात म्हणाला, "अण्णा सायकलीवर आले. तुमी कामून आला न्हाईत? आमचं घर तर रस्त्यालाच हाय."

मी तडक अण्णांचं दुकान गाठलं. ते पंक्चर शोधायला ट्यूब पाण्यात दाबत होते. मी म्हटलं, खुलासा छापतो.

"छाप की. पन आधी जा आन् तुजी बातमी तिला वाचून दाव. तिला वाचता येत न्हाई. लोकायच्या तोंडूनच ऐकायली ती."

गेलो. प्लास्टरमधला पाय पुढं करून ती ओसरीवर बसली होती. मथळ्यापासून शेवटपर्यंत वाचलं. लाजेनं माझा आवाज मलाच ऐकवेना. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मी जिती हाय म्हून न्हाई का लिवलं?"

मी कागद पुन्हा पाहिला. नव्हतं लिहिलं. उडीनंतर पुढं काय झालं, हे मी कुणाला विचारलंच नव्हतं.

खुलासा आला, आतल्या पानावर, बोटभर. करजगीहून कुणीही आलं नाही. शेवंता माहेरीच राहिली. अण्णा सवड काढून जायचे, तिला अक्षरं शिकवायचे. मला कधी जावंसं वाटलं नाही असं नाही. धीर झाला नाही.

काही वर्षांनी अण्णा गेले. दुकानापुढं माणूस मावेना, आमची आळीसुद्धा आली होती. आणि माझ्या मनात काय यावं? माझ्या मयतीला यातले कितीजण येतील! त्या दिवशीही माझी जळजळ थांबली नव्हती. शेवंता दुकानाच्या पायरीवर बसून "माजे अण्णा, माजे अण्णा" म्हणून ऊर फुटेस्तोवर रडत होती. काहीतरी बोलावं म्हणून मी जवळ गेलो. तिनं डोळे पुसले, पदर सावरला आणि बाजूला सरकून मला जागा करून दिली.

"बसा, साहेब," ती म्हणाली.