खोटं कुमसार

"थांबा. माझं कुमसार ऐका."

असं म्हणून सर स्ट्रायकर बाजूला ठेवत आणि आपण मिळवलेल्या सोंगट्यांतली एक उचलून कॅरमच्या मधोमध आणून ठेवत. आम्ही तिघे नुसते बघत राहायचो. त्यांच्या करंगळीचा कुठल्याशा सोंगटीला धक्का लागलेला असायचा, आणि ते त्यांच्याशिवाय कोणाला ठाऊकही नसायचं.

चर्चमध्ये फादरांपुढे आपली पापं बोलून दाखवायची, ते कुमसार. जवळच्या सांडोर गावच्या या निवृत्त गणित शिक्षकांनी ते एव्हरशाईन सिटीतल्या आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये आणलं. दर रविवारी दुपारी चारला आम्ही जोड्या न पाडता, ज्याचे त्याचे गुण मोजत कॅरमला बसत असू: सर, मी, माझ्या वरच्या मजल्यावरचे सावंत आणि पोस्टातून निवृत्त झालेले राऊत. सर माझ्या मुलाचे वर्गशिक्षक. मुलगा नोकरीसाठी बंगळुरूला गेला, सर माझ्या वाट्याला राहिले. वाडीतल्या केळ्यांची एक फणी स्कूटरला अडकवून यायचे आणि हरणाऱ्याच्या हातात पहिलं केळं द्यायचे. त्या हिशेबाने सर्वांत जास्त केळी मी खाल्ली आहेत.

सरांचा नियम एकच. फाउल दुसऱ्याने पकडायचा नाही, ज्याचा त्याने सांगायचा आणि सोंगटी परत ठेवायची.

"सर, असा कोण आपणहून सांगता काय?" सावंतांनी पहिल्या दिवशी विचारलं. त्यांना मालवण सोडून चाळीस वर्षं झाली, पण आश्चर्य वाटलं की ते अजून मालवणीतच वाटतं.

"सांगून तर बघा," सर म्हणाले.

महिनाभरात सावंत कान लाल करून सोंगट्या परत ठेवू लागले. राऊत तर एकदा आल्या आल्या म्हणाले, "सर, माझं गेल्या रविवारचं एक राहिलंय." सरांनी गंभीरपणे ऐकून घेतलं, सोंगटी ठेवून घेतली आणि म्हणाले, "फिटलं. आता निवांत झोपा." तुम्ही हसाल. आम्हीही हसलो होतो. पण साठी ओलांडलेल्या तीन माणसांना कोणी पाहत नसताना खरं बोलायची सवय लागली, ती त्या हॉलमध्ये.

मग सरांचा हात थरथरू लागला. आधी नुसता अंगठा, मग कपबशी वाजू लागली, मग स्कूटर सुटली आणि त्यांचा मुलगा त्यांना रिक्षाने आणून सोडू लागला. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि हे थोडं कमी होईल, जाणार नाही, असंही सांगून टाकलं. कॅरममध्ये अशा हाताने काय होणार? दर फटक्याला बोट कशाला तरी लागायचं, आणि दर फटक्याला सर सांगायचे. मिळवलेली प्रत्येक सोंगटी परत बोर्डावर. डाव संपेनाच.

"सर, एवढ्याशाने काय होतंय? सोडून द्या," मी एकदा म्हणालो. कॉपी करताना सापडलेल्या मुलाकडे बघावं तसं त्यांनी माझ्याकडे बघितलं.

त्यांना हरताना आम्हाला बघवेना. शेवटी राऊतांनी जिन्यात युक्ती काढली. सरांचा एक फाउल झाला की आपल्यापैकी कोणीतरी एक सांगायचा. झालेला नसला तरी. मला ती एकदम पटली, हे मी कबूल करतो.

पहिल्या रविवारी सर कित्येक महिन्यांनी जिंकले. "अजून जमतं की मला!" म्हणाले, आणि रिक्षात बसेपर्यंत बोलत होते. आम्ही तिघे इतके खूश झालो की सावंतांनी सगळ्यांना भजी खिलवली. दुसरा रविवारही निभावला.

तिसऱ्या रविवारी सरांचा हात सोंगट्यांत गेला आणि त्यांनी आपला फाउल सांगितला. लगेच सावंत घाईने म्हणाले, "सर, माझाही हात लागला."

पुढची खेळी राऊतांची होती. सावंतांचे दोन्ही हात मांडीवर होते.

सरांनी आधी ते हात पाहिले, मग आम्हा तिघांकडे पाहिलं. "किती दिवस?"

"तिसरा रविवार," मी म्हणालो. निदान तेवढं तरी खरं सांगितलं.

"हात माझा बिघडलाय," सर म्हणाले. "तुम्ही आपली जीभ कशाला बिघडवता?"

आवाज चढला नव्हता. त्यांनी मुलाला फोन लावला आणि तो येईपर्यंत खाली फाटकापाशी उभे राहिले. आमच्यापैकी एकाचीही खाली उतरायची हिंमत झाली नाही.

पुढच्या रविवारी ते आले नाहीत. फोन केला की त्यांच्या मिसेस म्हणायच्या, "ते वाडीत आहेत." सरांना आता वाडीत काही करता येत नव्हतं, हे मिसेसना माहीत होतं आणि मलाही. राऊत सावंतांवर खेकसायचे, सावंत राऊतांवर. मी दोघांवर. बोर्ड भिंतीला टेकलेला तसाच राहिला.

महिन्याने मी एकटाच सांडोरला गेलो. सर ओट्यावर बसले होते. मिसेस त्यांच्याशी घरच्या बोलीत काहीतरी बोलल्या. मला त्यातलं फक्त 'खेळायला' कळलं. मग मिसेसनीच आतून कॅरम आणून मांडला.

"खरं खेळणार असाल तर बसा," सर म्हणाले.

मी बसलो आणि खरं खेळलो. सरांच्या दोन सोंगट्या गेल्या, दोन्ही त्यांच्या फाउलने परत आल्या. त्यांना त्यातली दुसरी सोंगटी मधोमध ठेवता येईना. मी हात पुढे केला, तर म्हणाले, "माझी मी ठेवतो." ती ठेवून होईपर्यंत मी केळीच्या रांगांकडे बघत राहिलो. मिसेस दारातून आत निघून गेल्या. माझ्या नऊच्या नऊ सोंगट्या गेल्या, कव्हरसकट राणी गेली. आयुष्यात इतका चांगला कधी खेळलो नव्हतो, आणि इतकं वाईटही कधी वाटलं नव्हतं.

"आता कसं!" सर म्हणाले, आणि मी आल्यापासून पहिल्यांदा हसले. "अभिनंदन."

त्यांनी हात पुढे केला. मी तो दोन्ही हातांनी धरला, होती नव्हती तेवढी ताकद लावून धरला. तरी थरथर थांबेना.