क्लचशिवाय घरी आलेले देव

क्लचची वायर बदला, असं फिटरनं मला दोनदा सांगितलं होतं. मी गाडीची लिंबू-मिरची बदलली.

यात श्रद्धेचा भाग थोडा आणि आळसाचा मोठा होता, हे आधीच सांगून टाकतो. माझी भक्ती तशी सोयीची. देवळासमोरून जाताना हात जोडायचे, पण गाडीचा वेग कमी करायचा नाही, या पंथातला मी. देवानं माझ्यासाठी काही करावं इतकी आमची ओळखच नव्हती. तरीही जे घडलं ते घडलं, आणि जसं घडलं तसं लिहितो.

पुतण्याचं लग्न झालं होतं आणि त्या संध्याकाळी निमगाव सावाला आमच्या घरी जागरण-गोंधळ होता. त्याआधी देव्हाऱ्यातले चांदीचे टाक धामणखेलच्या खंडोबाला भेटवून आणायचे होते. भावकीनं हे काम माझ्यावर सोपवलं, कारण गाडीही रिकामी आणि माणूसही रिकामा, असा मी एकटाच. सोबत आत्या. वडिलांची थोरली बहीण, दात गेले पण जिभेची धार शाबूत. आमच्या घरची रीत अशी, की भेट होऊन देव निघाले की वाटेत कुठंही थांबायचं नाही. थेट देव्हाऱ्यात. थांबले, तर परत मागं जाऊन पुन्हा भेटवायचे. म्हणजे त्या दिवसाचं जागरण बुडालंच. वाघ्या-मुरळी, पाहुणे, नवी सून, सगळे ताटकळणार आणि भावकी माझा उद्धार करणार.

भेट छान झाली. आत्यानं टाक लाल फडक्यात बांधून मांडीवर घेतले, माझ्या कपाळाला भंडारा फासला आणि आम्ही निघालो. टेकडीच्या उतारावर दुसऱ्यातून तिसरा टाकायला मी क्लच दाबला. टक् असा आवाज झाला. पेडल जमिनीला टेकलं ते वर आलंच नाही.

"काय वाजलं रं?" आत्यानं विचारलं.

"काही नाही, खडा उडाला."

 नारायणगावच्या चहाच्या टपरीवर मी कितीदा तरी छाती काढून सांगितलं होतं, की क्लच हा नवशिक्यांसाठी असतो, हात बसलेल्या माणसाला त्याची गरज नसते. ती मोबाईलवर पाहून आलेली विद्या होती. आता ती दाखवायची वेळ आली. जोर लावून दांडा न्यूट्रलला आणला, पण पुढं तो जाईना. ढकलला की खर्रर्र.

"खडं भरडतुयास का काय?"

"आत्या, गिअर बसत नाही."

"मग थांबायचं न्हाई येवढं ध्येनात ठेव. बाकी तुझं तू बघ."

उतार संपत आला होता. गाडी मंदावत चालली. मी दांडा दाबला, खेचला, त्याला चार शिव्या दिल्या, मग रेस वाढवून पुन्हा दाबला. दंड भरून आला, घामानं कपाळावरचा भंडारा डोळ्यांत उतरला. शेवटी मनात म्हटलं, मल्हारी, आता तुझं तूच बघ बाबा. पाय ॲक्सिलरेटरवरून निघाला. हात दांड्यावर नुसता पडून राहिला, ढकलायची ताकदच उरली नव्हती. इंजिनाचा आवाज खाली खाली आला, आणि संध्याकाळी गाय आपणहून गोठ्यात शिरावी तसा दांडा तिसऱ्यात गेला. खर्र नाही, गचका नाही.

फिटरनं नंतर समजावलं, की इंजिनाचा आणि चाकांचा वेग जुळला की गिअर आपोआप बसतो. तसंच असेल. पण तो जुळवायला मी तिथं नव्हतो, मी तर हात टेकले होते.

गिअर खाली आणताना मधेच किंचित रेस द्यायची, हे आणखी चार-दोन खर्रर्रनंतर उमगलं. नारायणगावात टोमॅटोच्या पिकअपांनी रस्ता भरला होता. आत्यानं काच खाली केली, भंडारा उधळला आणि "येळकोट येळकोट जय मल्हार" असा जोरात पुकारा केला, की दोन गाड्या घाबरूनच बाजूला झाल्या. मागून शिव्या आल्या, त्या मी प्रसाद म्हणून घेतल्या.

खरी परीक्षा पुढं कालव्याच्या पुलावर होती. पूल अरुंद, आणि त्यावर या टोकापासून त्या टोकापर्यंत मेंढरं. मेंढरांच्या पुढं पांढऱ्या घोडीचा लगाम धरून एक बाई चालली होती. मी दुसऱ्यात आलो, हॉर्नवर हात ठेवला.

"ओ भाऊ, डोळं फुटलं का? थांबवा की गाडी!" तिनं मागं वळून आवाज टाकला.

"थांबता येत नाही, ताई!"

आत्यानं फडकं खिडकीशी धरलं. "देव हायती गं बाई गाडीत! भेटवून चाललोय!"

बाईनं लाल फडक्याकडं पाहिलं आणि एक लांबलचक हाळी दिली. सगळी मेंढरं कठड्यांना जाऊन चिकटली. मधे आमच्या गाडीपुरती वाट झाली. ती घोडी घेऊन पुढं, आणि मी दुसऱ्या गिअरमध्ये, पाय सगळीकडून काढून, तिच्या मागं. पूल ओलांडल्यावर तिनं बाजूला होऊन हात जोडले. मला नाही, फडक्याला. मला म्हणाली, "गाडी नीट करा आधी."

आत्यानं पदर डोळ्यांना लावला. "बाणाई व्हती रं ती, खंडोबाची धनगरीण. मालकाला वाट द्यायला आलेली."

मी आरशात पाहिलं. मेंढरं दिसली, बाई आणि घोडी दिसल्या नाहीत. धूळ बरीच होती, हेही सांगायला हवं.

दारात पोचल्यावर ब्रेक दाबला. गाडी गचका देऊन सुनेनं काढलेल्या रांगोळीवर बंद पडली. आत्या टाक घेऊन उतरली, देव देव्हाऱ्यात बसले आणि दिवा लागला. मला उगाचच रडू आलं. आयुष्यभर मी प्रत्येक गोष्ट जोर लावून बसवायला गेलो आणि खरखर तेवढी पदरात पडली. हात ठेवायचा, पण ढकलायचं नाही, हे शिकवायला देवाला माझी वायर तोडावी लागली. त्याबद्दल त्याचे पाय धरतो.

जागरण सुरू व्हायच्या आधी सगळे जमले होते. मी हकीकत सांगितली आणि शेवटी हात जोडून म्हणालो, "खरं सांगतो, आज गाडी मी चालवलीच नाही. देवानं चालवली."

वाघ्यानं जोडलेले हात कपाळाला लावले.

"तरीच!" आत्या म्हणाली. "एरवी तू चालवतोस तवा माझी कंबर मोडती."