आत्याची बाजेवरची शिकवणी

पन्नाशीला दोन वर्षं उरली असताना मी साताऱ्यातल्या एका पोहण्याच्या तलावावर, बायकांच्या सकाळच्या बॅचला नाव घातलं. शिकवणारी मुलगी माझ्या लेकीच्या वयाची. "पोहता येतं का?" असं तिनं विचारल्यावर मी जरा ताठ्यातच म्हणाले, "विहिरीत शिकलेय मी."

ती हसली आणि हातात फोमची फळी दिली. "मग हिला धरून नुसते पाय मारत पलीकडे जा."

मी पाय मारायला लागले. पाणी उडालं, दम लागला, मांड्या भरून आल्या. मान वर करून बघितलं, तर हललेच नव्हते. उलट हातभर मागंच आले होते.

"मॅडम, तुम्ही सायकल चालवताय," ती म्हणाली. "गुडघ्यातून नाही, कमरेपासून पाय हलवा. घोटे सैल सोडा."

डोक्याला कळत होतं, पायांना कळत नव्हतं. पंधरा दिवस असेच गेले. अर्ध्या तलावातच धाप लागायची, मग कड धरून उभी राहायची.

मला पोहायला आत्यानं शिकवलं होतं. कोरेगावजवळच्या आमच्या मळ्यातल्या विहिरीत. नवरा गेल्यावर ती माहेरी परतलेली, तिशीतली. दुपारी गडीमाणसं जेवायला गेली की ती काष्टा घट्ट खोचायची, माझ्या पाठीला पांगऱ्याचं हलकं लाकूड दोरीनं बांधायची आणि पायऱ्यांवरून सरळ ढकलून देऊन मागोमाग स्वतःही उडी घ्यायची. नाकातोंडात पाणी जाऊन मी ओरडणार, एवढ्यात खालून तिचा हात पोटाला लागायचा. ऐन उन्हाळ्यातही ओठ निळे पडतील इतकं ते पाणी गार. वर येऊन आम्ही दोघी तापलेल्या दगडावर पालथ्या पडायचो. त्या दगडाची ऊब अजून आठवते. एरवी घरात फारसं न बोलणारी आत्या तिथं पडल्या पडल्या कायकाय सांगायची, मोठ्यानं हसायची. मी सातवीत गेल्यावर घरच्यांनी माझं पोहणं बंद केलं. त्यानंतर आत्याही विहिरीत उतरलेली मला आठवत नाही.

एका रविवारी तिला भेटायला मळ्यात गेले. आता सत्तरी ओलांडलेली, गुडघे धरलेले. चहा पिता पिता मी माझी फजिती सांगितली.

"मागं जातीस?" ती डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. "आगं, पाय मारतीस का पाण्यावर राग काढतीस?"

मग ती उठली, सोप्यातल्या बाजेवर पालथी पडली आणि पाय बाजेबाहेर काढले. मी "आत्या, राहू दे" म्हणेपर्यंत तिचे पाय वरखाली हलायलाही लागले होते. लहान लहान, सावकाश, पण मांडीपासून.

"बघ. पायातली चप्पल झटकून टाकायची हाय, आसं समजायचं. लय जोर न्हाई लावायचा. आन् श्वास कोंडून नको धरूस, पाण्यात सोडून दे."

"आत्या, तू हे तेव्हा का नाही सांगितलंस?"

"तवा तुला येतच हुतं की. पोरांचे पाय मोकळे आसतात. तुझे आता आखडलेत." हनुवटी हातांवर टेकवून म्हणाली, "माजंबी लय दिवस पोहायचं ऱ्हाऊन गेलं बघ."

मी तिच्या शेजारच्या बाजेवर पालथी पडले. माझी भावजय दारात येऊन दोघींकडे बघतच राहिली.

साताऱ्याला परतल्यावर रोज संध्याकाळी टीव्हीसमोर वज्रासनात बसून घोटे सैल करू लागले. तलावात चप्पल झटकू लागले. एका सकाळी फळी खरोखर पुढं सरकली. नंतर अख्खी लांबी न थांबता झाली, मग दोन, मग चार. दम लागायचा, पण श्वास पाण्यात सोडला की तो पुन्हा जुळून यायचा. उन्हाळा संपता संपता मी फळीशिवाय दहा फेऱ्या मारल्या. शिकवणारी मुलगी कडेनं चालत मोजत होती. शेवटी ती नुसतीच म्हणाली, "आता सायकल सुटली, मॅडम."

ओल्या केसांनीच आत्याला फोन लावला. "आत्या, दहा फेऱ्या! न थांबता!"

"व्हय?" पलीकडून आवाज आला. "मग लय भूक लागली आसंल. आधी घरी जाऊन जेव."