पेट्रोल वाचवणारं इंजिन

आमच्या बंदरावर काल दामू नाखवानं बापाच्या वेळच्या होडीला नवं इंजिन लावलं. कमी पेट्रोल पितं म्हणून ऐटीत आणलेलं, पण वजनाला जुन्याच्या दुप्पट. इंजिनाला हार घातला, नारळ फोडला, पेढे वाटले. होडी पाण्यात उतरली तशी मागून बसली आणि नाक वर करून आभाळाकडे बघू लागली. त्यावर नाखवानं उपाय काय केला? पुढच्या बाजूला वाळूची पोती रचली.

"नाखवा, या होडीला लहान इंजिन पुरलं असतं की," मी म्हटलं.

"बाजूवाल्याच्या होडीचं इंजिन बघितलंत ना? त्याच्यासमोर मी लहान लावू?"

पेट्रोल वाचवायला आणलेलं इंजिन आता रोज पेट्रोल जाळून किनाऱ्यावरची वाळू समुद्रात फिरवून आणणार. बचतीची आम्हाला हौस दांडगी, फक्त ती चारचौघांत उठून दिसली पाहिजे. वीज वाचवणारा कपाटाएवढा फ्रीज आणायचा आणि त्यात दोन माणसांची शिळी आमटी ठेवायची, ही त्यातलीच अक्कल.

नव्या इंजिनाच्या मऊ आवाजात होडी दूर गेली. तो बाजूवाला कमरेवर हात ठेवून तिच्याकडे बघत उभा होता. मला वाटलं, निदान हा तरी हसेल.

"किती पोती टाकली त्यानं?" त्यानं मला विचारलं.

"चार."

"हात्! माझ्या होडीत सहा आहेत."